मज्जारज्जूतली गाठ: एमआरआय, ऑपरेशन आणि त्यानंतरचे नेहमीचे प्रश्न

यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, अमरावती, वर्धा अशा जिल्ह्यांतल्या खेड्यांतून नागपूरकडे येणाऱ्या रुग्णांच्या घरच्यांसाठी हे पान आहे. ओपीडीत वेळ थोडा असतो आणि गर्दीत निम्मे प्रश्न विचारायचे राहून जातात. रुग्णाला प्रत्यक्ष तपासलेल्या डॉक्टरांचा शब्द अखेरचा. पण त्यांच्यासमोर बसल्यावर नेमकं काय विचारायचं, ते यावरून ठरवता येईल.

मज्जारज्जूत गाठ म्हणजे कॅन्सरच ना?

नाही. गाठ कोणती, याच्याआधी गाठ कुठे, हे विचारा. मज्जारज्जू ही मेंदूपासून खाली येणारी साधारण करंगळीएवढी जाड दोरी. तिच्याभोवती पाण्याची पोकळी, मग एक चिवट आवरण आणि त्याबाहेर मणक्याचं हाड. गाठ तीन जागी होऊ शकते.

आवरणाच्या बाहेर, म्हणजे हाडात किंवा हाड आणि आवरण यांच्यामध्ये गाठ असेल, तर मोठ्या वयात ती बहुधा दुसरीकडून पसरलेली असते. स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट, मूत्रपिंड, थायरॉइड ही नेहमीची मूळ ठिकाणं. आवरणाच्या आत पण दोरीच्या बाहेर असेल, तर बहुतेक वेळा ती साधी, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ निघते: श्वानोमा किंवा मेनिन्जिओमा. तिसरी जागा खुद्द दोरीच्या आत. तिथे मोठ्यांमध्ये एपेंडिमोमा जास्त आणि लहान मुलांमध्ये अ‍ॅस्ट्रोसायटोमा जास्त. प्रौढांमध्ये आवरणाच्या आतल्या गाठींपैकी बऱ्याच जास्त गाठी दोरीच्या बाहेरच्या असतात, आणि ही गोष्ट रुग्णाच्या बाजूची आहे.

कंबर तर साऱ्या गावाची दुखते. शंका कधी घ्यायची?

कापूस वेचून, निंदण करून, पाठीवर पंप घेऊन फवारणी करून दुखणारी कंबर पडल्यावर हलकी होते. गाठीचं दुखणं पुष्कळदा उलटं वागतं. दिवसा कामात विसरायला होतं आणि रात्री बाजेवर आडवं झालं की वाढतं. माणूस उठून बसतो, भिंतीला टेकून रात्र काढतो. असं आठवड्यांमागून आठवडे चाललं असेल, तर ते बाम चोळण्याचं दुखणं नव्हे.

दुसरी खूण पायांची. चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही. धुऱ्यावरून चालताना तोल जातो, अंधारात जास्तच. पाय ‘भारी’ होतात, काठीसारखे ताठ पडतात, रात्री आपोआप आखडतात. छातीला किंवा पोटाला पट्टा करकचून बांधल्यासारखं वाटतं आणि त्याखाली स्पर्श बोथट लागतो. आंघोळीचं कढत पाणी एका पायाला लागतं, दुसऱ्याला नाही. चुलीजवळ बसून पायाला फोड आला तरी बाईला पत्ता नाही, घरच्यांनी दाखवल्यावर कळलं, असं आम्ही पाहतो.

तिसरी खूण लघवीची. सुरू व्हायला वेळ लागणं, धार बारीक होणं, तुंबणं, कपड्यात होणं. पाय अशक्त आणि त्यात लघवी तुंबलेली, असं असेल तर पेरणी आटपू द्या, पोळा होऊ द्या, असं म्हणत बसू नका. त्याच दिवशी निघा.

कमरेचा एमआरआय नॉर्मल आला, तरी पाय लुळे पडत आहेत. असं कसं?

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

पाय कमजोर म्हणून कमरेचा एमआरआय काढला जातो. पण मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपते. खाली उरतो तो फक्त नसांचा जुडगा. पायांकडे जाणारा प्रत्येक संदेश मात्र मानेतून आणि पाठीतून येतो. पाठीच्या सहाव्या मणक्यापाशी मेनिन्जिओमा असेल तर पाय जातील आणि कमरेच्या फिल्मवर काहीही दिसणार नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे काहीतरी दिसेल: चाळिशी उलटलेल्या, ओझं उचललेल्या माणसाची एखादी चकती थोडी पुढे आलेली असतेच. मग ‘गॅप आहे, नस दबली आहे’ एवढ्यावर गाडी थांबते, पट्टा बांधला जातो आणि वरची गाठ निवांत वाढत राहते.

फरक तपासणीत कळतो. कमरेत नस दबली असेल तर पाय ढिला पडतो, दुखणं मांडीतून पोटरीत उतरतं. वर मज्जारज्जू दबली असेल तर पाय ताठ होतो, गुडघ्यावर हातोडी मारली की जोरात उडतो आणि तळव्याला रेघ ओढली की अंगठा वर येतो. त्यामुळे पाय ताठ असतील तर डॉक्टरांना सरळ विचारा, ‘पूर्ण कण्याचा एमआरआय करायचा का?’ निदान संपूर्ण कण्याची झटपट स्क्रीनिंग फिल्म तरी त्याच वेळी काढून घेता येते. दुसऱ्यांदा भाडं खर्चून नागपूरला यावं लागत नाही, आणि मधले महिने वाया जात नाहीत.

मग पाय ताठ झाले म्हणजे गाठच?

नाही. आपल्या भागात इतर कारणंही भरपूर आहेत.

मणक्याचा टीबी सर्वांत महत्त्वाचा. एमआरआयवर तो शेजारशेजारचे दोन मणके आणि त्यांच्यामधली चकती खातो, बाजूला पू साठतो. पसरलेला कॅन्सर हाड खातो, पण चकती बहुधा शाबूत ठेवतो. हा नियम उपयोगी असला तरी अधूनमधून फसवतो. म्हणून फक्त फिल्म पाहून वर्ष-दीड वर्षाचं टीबीचं औषध सुरू करण्यापेक्षा सुईने तुकडा काढून तपासणं चांगलं. त्याच तुकड्यावर टीबीची जनुकीय चाचणीही होते.

गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडे लाखोळीची डाळ खातात. दुष्काळात किंवा गरिबीत महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न झाली तर पाय ताठ होतात. पण त्यात दुखत नाही, बधिरपणा येत नाही आणि एमआरआयवर दाब दिसत नाही. चंद्रपूर-यवतमाळच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. वर्षानुवर्षं ते पाणी प्यायल्याने मणक्याचे बंध हाडासारखे कडक होऊन मज्जारज्जू दाबतात. बी-१२ची कमतरताही आहेच, आणि ती साध्या रक्ततपासणीत कळते.

रिपोर्टमधले इंग्रजी शब्द समजावून सांगाल का?

‘इंट्राड्युरल एक्स्ट्रामेड्युलरी’ म्हणजे आवरणाच्या आत, दोरीच्या बाहेर. हे वाचलं तर थोडा श्वास घ्या. ‘इंट्रामेड्युलरी’ म्हणजे दोरीच्या आत. ‘एक्स्ट्राड्युरल’ म्हणजे आवरणाच्या बाहेर. ‘डी-८’ किंवा ‘टी-८’ हा पाठीचा आठवा मणका. ‘टी-२’ हा मात्र कधी मणका असतो, कधी चित्राचा प्रकार. टी-२ चित्रात पाणी पांढरं दिसतं.

मेनिन्जिओमा बहुधा पाठीच्या भागात आणि बायकांमध्ये जास्त आढळतो. कॉन्ट्रास्ट, म्हणजे गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध, दिल्यावर सगळीकडे सारखा उजळतो, आवरणाला रुंद बुडाने चिकटलेला असतो आणि कडेला शेपटीसारखी रेघ दिसते. रिपोर्टमध्ये तिला ‘ड्युरल टेल’ लिहितात. कधी त्यात चुना साठतो. श्वानोमा नसेच्या मुळावर वाढतो, टी-२वर जास्त पांढरा असतो, आत पाण्याचे कप्पे असू शकतात. तो मणक्यामधल्या नसेच्या छिद्रातून बाहेर डोकावला तर ‘डंबेल’ लिहितात, कारण दोन्हीकडे फुगीर आणि मधे बारीक. छिद्र रुंदावलेलं असेल तर गाठ कित्येक वर्षांची आहे असं समजा.

दोरीच्या आतल्या गाठीत रेडिओलॉजिस्ट दोन गोष्टी शोधतो: गाठ मधोमध आहे की एका बाजूला, आणि कडा स्पष्ट आहे की नाही. एपेंडिमोमा साधारण मधोमध असतो, कडा नीट असते, वर-खाली पाण्याच्या पिशव्या असतात आणि टोकांना जुन्या रक्तस्रावाची काळी टोपी दिसते. तिला ‘कॅप साइन’ म्हणतात. अ‍ॅस्ट्रोसायटोमा एका बाजूला कललेला, कडा पुसट, उजळणं तुकड्यातुकड्यांत. लहानशी गाठ दिव्यासारखी उजळते, भोवती मोठी पाण्याची पिशवी आणि रक्तवाहिन्यांचे काळे ठिपके असतील तर हिमँजिओब्लास्टोमा. असं आलं तर डोळे, मेंदू आणि मूत्रपिंडंही तपासतात, कारण तो व्हॉन हिप्पेल-लिंडाउ नावाच्या आनुवंशिक आजाराचा भाग असू शकतो.

‘सिरिंक्स’ म्हणजे दोरीच्या आत साठलेलं पाणी. गाठ काढली की ते बहुधा आपोआप ओसरतं. ‘कॉर्ड एडिमा’ म्हणजे सूज.

एवढं सगळं असूनही एमआरआय अंदाज देतो, निकाल पॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा. दोरीच्या आत गाठीसारखी दिसणारी सूज मल्टिपल स्क्लेरोसिस (नसांवरचं वेष्टण खराब करणारा आजार) किंवा टीबीचीही असते. सर्जन कधी ‘आधी पाठीतलं पाणी तपासू’ म्हणाले तर ते टाळाटाळ करत नाहीत.

कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन घातक असतं का?

मूत्रपिंड ठीक असेल तर सहसा नाही. आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात, त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं. ते वाढलेलं असेल, डायलिसिस चालू असेल किंवा पोटात बाळ असेल तर आधी सांगा. शरीरात पेसमेकर किंवा जुनी क्लिप असेल तर तेही सांगा. कॉन्ट्रास्टचे पैसे वाचवू नका. गाठ असताना साधी फिल्म म्हणजे अर्धी माहिती.

गावच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि पाय सुधारले. आता थांबलं तर चालेल?

ते बहुधा स्टेरॉइड होतं. त्याने सूज उतरते, गाठ तशीच राहते. काही दिवसांची सवलत मिळते, ती एमआरआय करून घ्यायला वापरा. साखर असलेल्यांची साखर याने भडकते. लिंफोमासारखी (लसिका ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर) गाठ तर स्टेरॉइडने एवढी आकसते की तुकडा काढला तरी निदान हुकू शकतं. म्हणून चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहून घ्या.

मालिश आणि मणका ‘बसवणं’ मात्र नकोच. हाड पोखरलेलं असेल तर एका झटक्यात पाय जातात.

औषधाने गाठ विरघळणार नाही का?

श्वानोमा, मेनिन्जिओमा, एपेंडिमोमा यांना विरघळवणारं नेहमीच्या वापरातलं औषध नाही, ना काढा ना गोळी. लहान गाठ योगायोगाने सापडली आणि त्रास शून्य असेल तर एमआरआय करत वाट पाहता येते. लिंफोमा, मायलोमा (हाडाच्या मगजातला कॅन्सर) यांना रेडिएशन आणि केमो चांगलं लागू पडतं, तिथे चाकूची घाई नसते.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात?

पालथं झोपवून पाठीमागून मणक्याची कमान उघडतात, आवरण चिरतात आणि मायक्रोस्कोपखाली गाठ काढतात. बाहेरची गाठ दोरीपासून सोडवून घेता येते. आतल्या गाठीसाठी दोरीच मधोमध उघडावी लागते, अल्ट्रासॉनिक यंत्राने गाठ आतून पोकळ करतात आणि मग कडा सोडवतात. चालू ऑपरेशनमध्ये हातापायांचे विद्युत संदेश मोजणारं न्यूरोमॉनिटरिंग असेल तर सर्जनला कुठे थांबायचं ते कळतं. आतल्या गाठीसाठी ही सोय आहे का, हे जरूर विचारा. माझ्या मते जवळच्या रुग्णालयात ती नसेल आणि रुग्ण स्थिर असेल, तर लांब जाण्याचा त्रास घेण्याजोगा आहे. लहान मुलांमध्ये कमान काढून न टाकता परत बसवण्याकडे कल असतो, नाहीतर वाढत्या वयात पाठीला बाक येतो.

ऑपरेशननंतर पाय परत येतील का?

हे ठरवणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ऑपरेशनच्या दिवशी पाय कसे होते. गाठीचा प्रकार, तिची लांबी, सर्जनचा हात, सगळं महत्त्वाचं, पण त्यानंतर. सर्जन यासाठी मॅककॉर्मिक नावाची चार पायऱ्यांची मोजणी वापरतात. पहिली, जवळपास धडधाकट. दुसरी, थोडा दोष पण आपापला चालतो. तिसरी, काठी किंवा माणूस लागतो. चौथी, चालणं गेलं. पहिल्या-दुसऱ्या पायरीवर आलेला रुग्ण बहुधा त्याच पायरीवर राहतो किंवा सुधारतो. चौथीवरून पहिलीवर जाणारे थोडे.

श्वानोमा आणि मेनिन्जिओमा यांचा निकाल चांगला. गाठ बहुतेक वेळा पूर्ण निघते आणि बहुतेकांचं चालणं सुधारतं, अगदी सत्तरीच्या म्हाताऱ्यांचंही. ‘वय झालं, कशाला कापाकाप’ म्हणून आजीला घरी ठेवण्याआधी याचा विचार करा. महिनाभर न चालणारी बाई मेनिन्जिओमा काढल्यावर वॉकर घेऊन अंगणात येते, हे होतं. एपेंडिमोमा पूर्ण निघाला तर सहसा रेडिएशनही लागत नाही. अ‍ॅस्ट्रोसायटोमाची गोष्ट वेगळी. गाठ आणि दोरी यांच्यात फटच नसते, म्हणून अनेकदा तुकडा किंवा थोडा भाग काढून थांबावं लागतं आणि पुढे रेडिएशनचा विचार होतो. तिथे सर्जनने अर्धवट सोडलं म्हणून रागावू नका. पूर्ण काढण्याच्या हट्टात पाय गेले असते.

दुखणं आधी जातं, मग ताकद येते. बधिरपणा आणि मुंग्या सर्वांत हट्टी, काहींना कायम राहतात. लघवीवरचा ताबा एकदा पूर्ण गेला असेल तर परत येण्याची खात्री कोणी देऊ नये.

ऑपरेशननंतर पाय आधीपेक्षा लुळे झाले. नस कापली गेली का?

आतली गाठ काढल्यावर हे अपेक्षितच असतं. दोरी मधोमध उघडताना पाय कुठे आहे याची जाणीव नेणारे धागे दुखावतात. ताकद असूनही पाऊल कुठे पडतं ते कळत नाही, डोळे मिटले की माणूस झुलतो. पुष्कळांचं हे काही आठवड्यांत ते महिन्यांत भरून येतं, सगळ्यांचं नाही. हा धोका सहीच्या आधी समजावला जायला हवा. समजावला नसेल तर सही करायच्या आधी विचारा, नंतर भांडण्यात अर्थ नसतो.

अचानक काही तासांत पाय गळाले तर गोष्ट निराळी. आत रक्त साठलेलं असू शकतं. रात्रीचे दोन वाजले असले तरी सिस्टरला उठवा. जखमेतून स्वच्छ पाणी गळणं, ताप येणं, मान ताठणं हेही लगेच सांगायचं.

कॅन्सर पसरून मणक्यात आला आहे. आता ऑपरेशनचा उपयोग काय?

आयुष्य किती हे मूळ कॅन्सर ठरवतो, पण ते आयुष्य पायांवर की बाजेवर, याला ऑपरेशनने फरक पडतो. २००५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या पॅचेल यांच्या अमेरिकेतल्या चाचणीत १०१ रुग्ण होते. ऑपरेशन आणि मग रेडिएशन घेतलेल्यांपैकी ८४ टक्के चालू शकले, फक्त रेडिएशन घेतलेल्यांपैकी ५७ टक्के. हे निवडक रुग्ण होते: दाब एकाच भागात, आणि निदान तीन महिने जगण्याची अपेक्षा. पाय पूर्ण जाऊन दोन दिवस उलटलेले त्यात घेतलेच नव्हते. प्रकृती फार खालावली असेल तर फक्त रेडिएशन हाच शहाणपणाचा मार्ग.

घरात सिकलसेल आहे. भूल देता येईल का?

येईल, पण आधी कळलं पाहिजे. पूर्व विदर्भातून येणाऱ्या प्रत्येकाची ही तपासणी भुलेआधी व्हावी. ‘एएस’ वाहकाला सहसा अडचण नसते. ‘एसएस’, म्हणजे प्रत्यक्ष आजार असेल तर थंडी, पाण्याची कमतरता आणि प्राणवायूची घसरण यांनी त्रास उसळतो, म्हणून गरम पांघरूण, सलाइन आणि गरजेप्रमाणे रक्त यांची आधीच तजवीज करतात. सिकलसेलचं कार्ड फाइलमध्ये वर ठेवा.

जायचं कुठे आणि खर्चाचं काय?

नागपूरला मेडिकलचं सुपर स्पेशालिटी, मिहानमधलं एम्स, आणि वर्ध्याजवळ सावंगीचं रुग्णालय इथे न्यूरोसर्जरी आहे. रेडिएशनसाठी नागपूरचं तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि सेवाग्रामचं कस्तुरबा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत. रेशनकार्ड आणि आधार मूळ प्रतीत न्या, दोन्हींवरचं नाव सारखं आहे का ते घरीच पाहा. एका वेलांटीसाठी मंजुरी अडकते. आत शिरल्यावर आधी आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाच्या टेबलाकडे. पाय कायमचे अधू राहिले तर दिव्यांग प्रमाणपत्र काढा. ४० टक्क्यांपासून पुढे सवलती लागू होतात आणि संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये करता येतो.

घरी आणल्यावर काय सांभाळायचं?

झोपून फोड होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदला. सुंभाची बाज नको, सपाट पलंग आणि हवेची गादी. माकडहाड, टाचा, नितंब रोज उजेडात पाहा. लालसर डाग दाबूनही पांढरा होत नसेल तर त्या जागेवर वजन नको. लघवी स्वतः होत नसेल तर कायमच्या नळीपेक्षा दर चार-सहा तासांनी स्वच्छ नळी घालून काढणं बरं. सिस्टरकडून घरच्या दोघांनी शिकून घ्या. आपल्या उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की लघवीचा संसर्ग ठरलेला.

वावरात कधी जाता येईल?

टाके निघून जखम भरल्यावर चालणं लगेच वाढवायचं. ओझं, मोळी, पाण्याचा हंडा सर्जन सांगेपर्यंत नाही, साधारण तीन महिने तरी. फवारणीचा पंप त्याहूनही उशिरा: १६ लिटर पाणी पाठीवर म्हणजे जखमेवरच. आणि पायाला जाणीव कमी असेल तर अनवाणी कधीच नाही. पऱ्हाटीचं खुंट रुतलं तरी कळत नाही, चार दिवसांनी सुजल्यावर कळतं. घोट्यापर्यंतचे बूट घाला, घरी आल्यावर तळवे आरशात पाहा.

गाठ परत होते का? किती वेळा यावं लागेल?

पूर्ण निघालेला श्वानोमा किंवा मेनिन्जिओमा क्वचित परततो. थोडी राहिली असेल तर वाढू शकते, पण बहुधा वर्षांच्या हिशोबाने. नेहमीचा क्रम असा: तीन महिन्यांनी एमआरआय, मग काही वर्षं वर्षातून एकदा, आक्रमक गाठीत जास्त वेळा. पॅथॉलॉजीत ‘मिक्सोपॅपिलरी एपेंडिमोमा, ग्रेड २’ आलं तर दचकू नका. २०२१च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याची पायरी १वरून २ केली, तुमची गाठ बिघडली असं नाही. पूर्ण कण्याचा एमआरआय मात्र त्यात चुकवायचा नाही, कारण ती पाण्यातून खाली-वर झिरपू शकते.

भामरागड, धारणीकडच्यांनी तारीख घेताना पावसाळ्याचा हिशोब आधीच सांगावा. पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद होऊ शकतो, हे नागपूरच्या डॉक्टरांच्या लक्षात असेलच असं नाही. मे अखेर किंवा ऑक्टोबरची तारीख मागितली तर मिळते. येताना ऑपरेशनआधीची सीडी आणा, नुसता रिपोर्टचा कागद नको. तुलना चित्रांची होते. पॅथॉलॉजीतून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक पत्र्याच्या डब्यात, सावलीत ठेवा. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली ठेवलेलं मेण वितळू शकतं आणि पुढची चाचणी अडू शकते.